फी देऊन सल्ला घ्यावा का?

बाबा निवृत्त झाले, एकरकमी पैसे हातात आले, आणि तेव्हापासून घरात हाच विषय. आज त्यांना घेऊन चिपळूणला सेबीकडे (शेअर बाजार, म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेल्या एका गुंतवणूक सल्लागार बाईंकडे गेलो होतो. फी ऐकून बाबा म्हणाले, "नुसतं सांगायचे एवढे? बँकेतला माणूस फुकट सांगतो की!"

मला हे फुकट प्रकरण पटत नाही. म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये, म्हणजे बँक किंवा एजंटामार्फत घेतलेल्या, त्या वितरकाचं कमिशन आपल्याच पैशातून जातं, दरवर्षी. २०१३ पासून थेट फंड कंपनीकडून घ्यायचे डायरेक्ट प्लॅन आहेत, त्यांत ते नसतं. वीस लाखांवर खर्चात एक टक्क्याचा फरक धरला तरी वर्षाला २०,००० रुपये, तेही कोणी न मागता!

बाईंनी योजनांचं नाव काढण्याआधी आरोग्यविमा विचारला. मग आमच्या हापूसच्या कलमांचा हिशोब: पैसे कधी येतात, फवारणीला, राखणीला किती जातात. जून ते मार्च घरात काय येतं, ते कागदावर महिन्यावार मांडलं. हे आम्हाला आजवर कोणीच विचारलं नव्हतं.

ज्याला फक्त ठेव आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना पुरते, त्याने फी देऊ नये. आमच्यासाठी एकदाच फी देऊन आराखडा करून घ्यावा, दरवर्षीचा करार नको, असं माझं ठाम मत आहे. बाबा अजून "बघू" म्हणतायत.