निर्गुडीचा अर्क : धीट उंदीर की पेंगुळलेला उंदीर?

एम. फार्म.च्या प्रबंधासाठी मी निर्गुडी घेतली. अंगदुखीवर तिचं नाव आधीपासून आहेच. चिंतेवरही ती काही करते का, हे मला बघायचं होतं. पण दुखतंय का, भीती वाटतेय का, हे उंदराला विचारता येत नाही. सगळी मेख तिथंच आहे.

सुरुवातीचं काम नुसतं चिकाटीचं. झाडाची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पक्की करून घेतली, पानं सावलीत वाळवली, सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात इथेनॉलने अर्क काढला. हाती आला तो काळपट हिरवा, डिंकासारखा चिकट गोळा. पाण्यात विरघळेना, म्हणून सीएमसी या दाटपणा आणणाऱ्या पदार्थाच्या ०.५ टक्के द्रावणात खलून द्यायचा. प्राणी-नीतिमत्ता समितीने ‘एका गटात इतकेच उंदीर का?’ असं विचारून घाम फोडला. बरंच झालं, गटांचं गणित तेव्हाच नीट बसलं.

विषारीपणाची चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीने केली. टप्प्याला तीन माद्या, किलोमागे २००० मिलिग्रॅम, मग १४ दिवस नजर. एकही दगावली नाही. त्यावरून किलोमागे २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशा दोन मात्रा ठरल्या. २५ ग्रॅमच्या उंदराला ४०० ची मात्रा म्हणजे १० मिलिग्रॅम अर्क, पाव मिलिलिटरमध्ये, तोंडावाटे.

चिंतेसाठी एलिव्हेटेड प्लस मेझ. जमिनीपासून उंचावर अधिकच्या चिन्हासारखी फळी. दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. उंदराला मधोमध सोडायचं आणि पाच मिनिटं मोजायचं. साधा उंदीर भिंतींच्या आडोशाला पळतो. डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिलेला बिनधास्त उघड्या भुजेच्या टोकाला जाऊन खाली डोकावतो. कुठल्या पिंजऱ्याला काय दिलंय ते फक्त मैत्रिणीला माहीत. मी नुसती मोजत होते. नोंदी उघडल्या तर अर्काचे उंदीरही उघड्यावर जास्त थांबलेले. मी खूश, मार्गदर्शक मॅडम नाहीत.

“धीट झालेत की पेंगताहेत?”

वेदनेच्या चाचण्यांतही हाच गुंता. ५५ अंशांच्या हॉट प्लेटवर उंदीर काही सेकंदांत मागचा पंजा चाटतो किंवा उडी मारतो. नाहीच हलला तर १५ सेकंदांना उचलायचा, नाहीतर पंजे भाजतात. वेदना शमली तर तो उशिरा चाटतो, पण गुंगीतला उंदीरही उशिराच चाटतो. अ‍ॅसिटिक आम्ल टोचल्यावर पोट आवळून अंग ताणतात, ते आळोखे मोजायची चाचणी तर स्नायू सैल करणाऱ्या औषधानेही फसते. (ती बघायला मला शेवटपर्यंत जड गेलं.)

म्हणून हालचाल मोजणारं अ‍ॅक्टोफोटोमीटर आणि फिरत्या दांड्याचं रोटारॉड, दोन्ही लावली. २०० वर हालचाल साध्या उंदरांइतकीच, दांड्यावरचा तोलही शाबूत. ४०० वर मात्र दोन्ही घसरलं. म्हणजे ज्या गटाचे आकडे सगळ्यांत देखणे होते, तेच संशयात! मग चिंतेबद्दलचा दावा मी फक्त २०० वर केला.

उंदराची मात्रा माणसासाठी बदलताना साधारण १२ ने भागतात. त्या हिशेबाने २०० च्या मात्रेचा ६० किलोच्या माणसाला जवळपास एक ग्रॅम सुका अर्क होतो. तो नुसता हिशेब, डोस नव्हे. ‘मग रोज किती घेऊ?’ विचारणाऱ्यांना मी हेच सांगते.

२०० च्या गटाचा हॉट प्लेटवरचा फरक सांख्यिकीत टिकला नाही. प्रबंधात तोही तसाच छापलाय.