तुम्ही विचारलंत म्हणून: कार्ड नाही, मग पैसे देता कसे?

कराडच्या प्रीतिसंगमावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या बायकांच्या घोळक्यात हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी निघतो. कुणाला नातवासाठी सायकल मागवायची असते, कुणाला मिक्सरचं भांडं. "तुमच्याकडं क्रेडिट कार्ड नाही म्हणता, मग त्या ऑनलाइनचं पैसे देता कसं?" मलाच विचारतात, कारण मी ३१ वर्षं सहकारी बँकेत काढली. बँकेतल्या बाईला पैशातलं सगळं कळतं असा कराडात एक समज आहे. मी तो कधी खोडून काढला नाही.

कार्ड का नाही, ते आधी सांगते. नोकरीत होते तेव्हा आमची बँक ते देतच नव्हती. निवृत्त झाल्यावर इतर बँकांचे फोन यायला लागले, तोवर कर्जवसुलीच्या नोटिसा टाइप करून करून माझं मन विटलं होतं. पण कार्ड नसणारी मी काही जगावेगळी नाही. २०२४च्या सुरुवातीला देशातली क्रेडिट कार्डं १० कोटींवर गेली म्हणून पेपरात मोठी बातमी होती. डेबिट कार्डं तेव्हा ९५ कोटींच्या वर होती. शिवाय १० कोटी कार्डं म्हणजे १० कोटी माणसं नव्हेत, माझ्या मुलाच्या एकट्याच्या पाकिटात तीन आहेत.

आणि घरपोच माल घेऊन दारात पैसे देणं आपल्याला नवीन नाही. माझे वडील पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. दिवाळीच्या आधी पुण्याहून पुस्तकांचं पार्सल व्ही.पी.ने, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवून घ्यायच्या टपालानं, यायचं. पोस्टमन ओट्यावर टेकायचा, पाणी प्यायचा, मग थैलीतून पार्सल काढून मांडीवर ठेवायचा. वडील आतून पैसे आणून मोजायचे, पोस्टमन पुन्हा मोजायचा, सही व्हायची आणि मगच पार्सल आमच्या हातात. पैसे दिल्याशिवाय सुतळीला हात लावायचा नाही. आम्ही पोरं नुसती वास घेत उभी. टपाल खात्याची ही सोय १८७७ सालची. फ्लिपकार्टनं २०१०मध्ये दारात पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा लोकांना फार नवल वाटलं. मला तो ओट्यावरचा पोस्टमनच आठवला.

म्हणून सुरुवातीला मी सगळं सीओडीनंच, म्हणजे माल दारात आल्यावर पैसे देऊनच, मागवायची. आता फारसं मागवत नाही, त्याला कारण आमच्या सासूबाई. एका दुपारी मी बाहेर गेले होते. एक मुलगा आला, पाकिटावर माझं नाव, पत्ता, मोबाइल नंबर सगळं बरोबर, ६९९ रुपये द्यायचे. सासूबाईंनी देवघरातल्या डब्यातून काढून दिले. सुनेनं मागवलं असेल, आणि दारात आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं! आत निघाली खेळण्यातल्यासारखी एक दुर्बीण. मी काहीच मागवलं नव्हतं. कुठून तरी पत्ता मिळवायचा आणि पार्सल धाडून द्यायचं, शंभरात दहा घरांनी पैसे दिले तरी त्यांचं भागत असणार. सासूबाईंना मी काही बोलले नाही. फक्त फ्रिजवर चिठ्ठी लावली: फोन केल्याशिवाय पैसे नाहीत. त्या दिवसापासून त्या कुरिअरवाल्यालाच काय, दूधवाल्यालाही उभं करून मला फोन करतात.

तुम्ही अजूनही सीओडीनं मागवत असाल, तरी पैसे रोखच द्यायला हवेत असं नाही. तो मुलगाच विचारतो, "काकू, कॅश का स्कॅनर?" स्कॅनर म्हणजे तो काळा-पांढरा चौकोन, आपणच आपल्या फोननं तो स्कॅन करतो आणि तरी त्यालाच स्कॅनर म्हणतो. असो. पैसे देताना फोनवर नाव कुणाचं येतंय ते बघा. कंपनीचं यायला हवं. त्या मुलाचं स्वतःचं आलं तर विचारा.

आता घरात बसून आगाऊ पैसे देण्याचं. डेबिट कार्ड तुम्हा सगळ्यांकडं आहे, पण त्यानं एटीएममधून पैसे काढण्यापलीकडं कुणी काही करत नाही. आमच्या घोळक्यातल्या एकीनं तीन महिने धरून ठेवलं होतं की आपलं कार्ड 'खराब' आहे. एटीएमला चालतं, ऑनलाइन चालत नाही. कार्ड ठणठणीत होतं. रिझर्व्ह बँकेनं २०२०मध्ये नियम केला की नवीन कार्ड देताना त्याचा ऑनलाइन वापर बंदच ठेवायचा, ज्याला हवा त्यानं तो स्वतः चालू करून घ्यायचा. तिच्या बँकेच्या ॲपमध्ये 'कार्ड कंट्रोल' नावाचं पान काढलं, ऑनलाइनपुढचं बटण सरकवलं, मर्यादा ५,००० रुपयांवर ठेवली. दोन मिनिटांचं काम. ज्यांच्याकडं ॲप नाही त्यांनी शाखेत जावं. पैसे देताना ओटीपी, म्हणजे फोनवर एकदाच चालणारा आकडा, येतो. अशी जादा खात्री करून घ्यायचा नियम तर २००९पासूनचा आहे, कार्डाचा नंबर कुणाच्या हाती लागला तरी तेवढ्यावर भागू नये म्हणून. आणि ऑक्टोबर २०२२पासून दुकानदाराला तुमच्या कार्डाचा नंबर स्वतःकडं साठवून ठेवता येत नाही. 'कार्ड सेव्ह करू का' म्हणून विचारतात तेव्हा तिथं एक बदली नंबर राहतो. तरी मी 'नको'च म्हणते, माझी सवय.

नेटबँकिंगही आहे. आपल्या बँकेच्या पानावर जाऊन पासवर्ड टाकायचा, की झालं. पण सहकारी बँकांची नावं त्या यादीत बऱ्याचदा सापडत नाहीत, म्हणून आपल्याकडं त्याचा उपयोग कमी.

राहिलं यूपीआय, म्हणजे फोनवरून थेट खात्यातले पैसे देण्याची सोय. एप्रिल २०१६मध्ये ते आलं तेव्हा मी काउंटरवर होते, आणि 'हे आपल्या गावात कोण वापरणार' असं म्हणणाऱ्यांत मीही होते. त्याच नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या, बँकेबाहेर रांगा लागल्या, आणि मग सगळ्यांनाच दुसरी वाट शोधावी लागली. आज भाजीवालीच्या गाड्यावर स्कॅनर लटकतो. ऑनलाइन दुकानातही तेच. पैसे देण्याच्या पानावर यूपीआय निवडलं की फोनमधलं ॲप उघडतं, रक्कम आणि नाव दिसतं, पिन टाकला की तुमच्या खात्यातून पैसे थेट जातात. साधारणपणे दिवसाला १ लाखापर्यंत. म्हणजे फ्रिजसुद्धा आरामात येतो.

पिनचं मात्र नीट समजून घ्या. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वहिनींनी जुनं शिलाई मशीन विकायला काढलं. फोटो टाकला, तासाभरात गिऱ्हाईक. माणूस भलताच गोड बोलणारा, घासाघीस नाही, मशीन बघायलाही येणार नाही. "मी आत्ताच पैसे पाठवतो वहिनी, तुम्हाला स्कॅनर धाडलाय, तो स्कॅन करा आणि पिन टाका, तुमच्या खात्यात ८,५०० जमा होतील." वहिनी फोन कानाला लावूनच आमच्याकडं आल्या, कारण चष्मा सापडत नव्हता आणि पिन टाकायचे ठिपके दिसत नव्हते. त्या न सापडलेल्या चष्म्यानं ८,५०० रुपये वाचवले. मी पडद्यावर बघितलं तर स्वच्छ लिहिलेलं होतं, 'पे ८,५००'.

त्यांना मी काउंटरवरची गोष्ट सांगितली. बँकेत पैसे भरायला कुणीही येतं. शेजारी येतो, शेतावरचा गडी येतो, स्लिप भरतो आणि जातो. आम्ही खातेदाराच्या सहीला तेव्हा विचारतसुद्धा नव्हतो. सही लागते पैसे काढताना. तेव्हा नमुना सहीचं कार्ड काढून, वेलांटीला वेलांटी लावून बघायचो. पिन ही तुमची नमुना सही आहे. पैसे यायचे असतील तर ती कुणी मागणारच नाही. ज्यानं मागितली तो काढायला आलाय.

क्रेडिट कार्डाची एक खरी बाजू आहे, आणि ते नसलेली माणसं ती सोयीस्कर विसरतात. कार्डावर गडबड झाली तर आधी अडकतात ते बँकेचे पैसे. तुम्ही तक्रार करता, भांडत बसता, तोवर तुमचं खातं जागच्या जागी असतं. डेबिट कार्डात आणि यूपीआयमध्ये जातात ते तुमचे, त्याच क्षणी. नियम आपल्या बाजूनं आहेत, नाही असं नाही. २०१७चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे: चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि तुम्ही कामकाजाच्या ३ दिवसांत बँकेला कळवलंत, तर तुम्हाला तोशीस नाही. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिलेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्याच माथी. आणि फसलेल्या माणसांनी तो बहुतेक वेळा स्वतःच दिलेला असतो, हे मी काउंटरच्या अलीकडं बसून पुष्कळ बघितलंय.

यावर मी एक साधा उपाय केलाय, आणि तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे. माझी खाती दोन. ठेवींचं व्याज जमा होतं त्या खात्याला ना कार्ड, ना यूपीआय. दुसरं, किमान शिल्लक ठेवायची अट नसलेलं, वेगळ्या बँकेतलं. आमच्या घरात त्याला 'बाजारचं खातं' म्हणतात. फोनला जोडलेलं तेवढंच. महिन्याच्या सुरुवातीला शाखेत जाऊन त्यात ६,००० रुपये टाकते. काही मोठं घ्यायचं असेल तर तेवढे जास्तीचे, त्याच दिवशी. उद्या कुणी मला गंडवलंच, तर त्याच्या हाती पिशवी लागेल, कपाट नाही. हे म्हणतात, तेवढ्यासाठी शाखेत कशाला हेलपाटा? मला तो हेलपाटाच हवा असतो. निम्म्या वस्तू घरापासून बँकेपर्यंतच्या रस्त्यातच नकोशा होतात.

पैसे कट झाले आणि ऑर्डर झालीच नाही, हे सगळ्यांचं होतं. माझं गेल्या पावसाळ्यात झालं, छत्र्यांचे १,१४० रुपये. घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे देऊ नका. आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर तर मुळीच शोधू नका, तिथंच जास्त माणसं बुडतात. व्यवहाराचा नंबर लिहून ठेवा. दुकानाला यूपीआयनं दिलेले पैसे असे लोंबकळले तर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाई, असा २०१९चा नियम आहे. माझे तिसऱ्याच दिवशी आले. शंभराची आशा लागली होती, ती गेली. खरीच फसवणूक झाली असेल तर मात्र दिवस मोजत बसायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन लावायचा आणि बँकेला कळवायचं.

'आत्ता घ्या, नंतर पैसे द्या' असं एक बटण अलीकडं सगळीकडं दिसतं. ते कर्ज आहे. क्रेडिट कार्डच, फक्त प्लास्टिक नाही. हप्ता चुकला तर तुमच्या कर्जाच्या नोंदीत ते तसंच बसतं, आणि उद्या मुलाच्या घरासाठी जामीन राहायला गेलात की निघतं.

परदेशातलं काही मागवायचं असेल तर डेबिट कार्डाचं आंतरराष्ट्रीय वापराचं बटण दहा मिनिटं चालू करा, पैसे द्या, पुन्हा बंद करा. तिकडच्या दुकानात कित्येकदा ओटीपी मागतच नाहीत. माझी भाची नेदरलँड्सला असते. मला वाटायचं तिकडं सगळे कार्डवालेच. ती म्हणाली, "नाही गं मावशी, इथं ऑनलाइनला सगळे आयडियल वापरतात, थेट बँक खात्यातून." २००५पासून आहे म्हणे त्यांच्याकडं. क्रेडिट कार्ड तिच्याकडंही नाही. हे मी आमच्या घोळक्यात दोनदा सांगून झालंय.

कार्डवाल्यांना सूट मिळते तेव्हा मात्र पोटात दुखतं, ते लपवत नाही. वॉशिंग मशीन घेताना अमुक बँकेच्या कार्डावर २,००० रुपये कमी होते. मुलानं पुण्याहून त्याच्या कार्डावर मागवून दिलं. मी लगेच त्याला १८,००० पाठवले. त्यानं परत पाठवले. मी पुन्हा. दोन दिवस तेच १८,००० कराड-पुणे करत होते. शेवटी सूनबाईंनी मध्ये पडून ते ठेवून घेतले.

आणि वहिनींचं मशीन विकलं गेलं. गल्लीतल्याच शिवणकाम करणाऱ्या मुलीनं ७,००० रुपयांना घेतलं. पैसे पाठवायला ती समोर खुर्चीवर बसली तेव्हा वहिनींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "मला काही टाकायचं नाही ना?" त्यांनी दोनदा विचारलं. काही नाही, म्हटलं. तरी जमा झाल्याचा मेसेज टिंग करून वाजेपर्यंत त्यांनी आपला फोन उलटा करून मांडीखाली दाबून धरला होता.