तांदूळ, सूत, रेशीम : ओसाका-कोबे-योकोहामाच्या जुन्या बाजारांचा फेरा

जपानमधले जुने वायदेबाजार, म्हणजे पुढच्या तारखेला द्यायच्या मालाचे सौदे आजच करणारे बाजार, बघायला निघालेला माणूस आधी इमारती शोधतो आणि तिथेच फसतो. ओसाकातल्या दोजिमाच्या ज्या तांदूळबाजारावर निम्म्या देशाचे भाव हलत, तिथे आज नदी, पदपथ आणि एक स्मारक एवढेच आहे. बाजार ज्यांच्या आधारावर उभा होता त्या जागा मात्र बऱ्यापैकी टिकल्या आहेत: मालाची प्रत ठरवणारी घरे, गोदामे आणि भावाची बातमी जायची ती वाट. हा पाच दिवसांचा फेरा त्याच जागांचा आहे. काळ मुख्यतः मेइजी सम्राटाच्या कारकिर्दीपासून (१८६८ पासून) १९४२ पर्यंत असा धरला आहे.

विमानाच्या तिकिटाआधी वार ठरवा. ओसाकातल्या कितहामाचा बाजार शनिवार-रविवारी बंद असतो. ओसाकाचे कापूस-व्यापाऱ्यांचे भवन आतून दाखवतात ते महिन्यातल्या ठरावीक शनिवारी, तेही आगाऊ नोंदणी असेल तरच. कोबेच्या पश्चिमेला असलेल्या सुमाच्या डोंगरावरचा रोपवे सहसा मंगळवारी बंद असतो, कोबेचे रेशीम-तपासणी केंद्र आणि योकोहामाचे रेशीम संग्रहालय सोमवारी. म्हणून शुक्रवारी ओसाका, शनिवारी ओसाका, रविवारी सुमा आणि कोबे, सोमवारी प्रवास, मंगळवारी योकोहामा असा क्रम लावा. सोमवारी कोबे ठेवले तर अर्धा दिवस बंद दारांसमोर जातो.

आणखी एक तयारी घरूनच करून जा. तिथल्या पाट्यांवर वर्षे सम्राटाच्या कारकिर्दीची असतात. मेइजी वर्षात १८६७ मिळवा, ताइशोमध्ये १९११, शोवामध्ये १९२५. म्हणजे ताइशो ७ हे १९१८. मापेही लिहून ठेवा: १ कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, तांदळात धरले तर साधारण १५० किलो; १ किन म्हणजे ६०० ग्रॅम. रेशमाचा भाव १०० किनाला, म्हणजे ६० किलोला सांगत. हा हिशेब डोक्यात नसेल तर तक्त्यातला आकडा वाचूनही तो महाग की स्वस्त ते कळत नाही.

शुक्रवारी सकाळी साकाइसुजी मार्गाने कितहामा स्थानकावर उतरा. वर आलात की समोर ओसाका एक्स्चेंजचा गोलाकार दर्शनी भाग दिसतो. हा १९३५ चा आहे. मागची इमारत पुढे नवी बांधली, पण हा भाग राखला. दारात गोदाई तोमोआत्सु यांचा पुतळा आहे. १८७८ मध्ये ओसाकाचा शेअरबाजार उभा करणाऱ्यांत ते प्रमुख होते. इथे अर्धा तास पुरे.

तिथून नदीकाठाने पश्चिमेला योदोयाबाशी पुलापर्यंत चालत जा. पुलाच्या दक्षिण टोकाशी योदोया घराण्याच्या वाड्याची खूण आहे. सतराव्या शतकात याच घराण्याच्या दारात तांदळाचे सौदे होत, आणि १६९७ मध्ये बाजार दोजिमाला हलला. पूल ओलांडून नाकानोशिमा बेटावर या. डावीकडे बँक ऑफ जपानची १९०३ ची शाखा लागते, तात्सुनो किंगो यांनी आखलेली. पुढे ओएबाशी पूल ओलांडला की दोजिमा नदीचा उत्तर काठ. तिथून पश्चिमेला थोडे चाललात की तादाओ आंदो यांनी केलेले, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचे २०१८ चे स्मारक दिसते. कितहामापासून इथवर रमतगमत अर्धा तास लागतो. उन्हाळ्यात हा पट्टा सकाळी दहाच्या आत उरका, नदीकाठी सावली फार कमी आहे.

या स्मारकापाशी थांबून दोन गोष्टी समजून घ्या, पुढचा सगळा फेरा त्यांवर उभा आहे. पहिली म्हणजे इथे दोन बाजार चालत. एक हजर मालाचा, गोदामाच्या चिठ्ठ्यांवर चालणारा. दुसरा वहीतला, ज्यात एका ठरावीक प्रतीच्या तांदळावर सौदे होत आणि मुदतीला बहुतेक वेळा भावातल्या फरकाचे पैसे देऊन सौदा मिटे. शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, १७३० मध्ये या दोन्हींना मान्यता दिली. सौद्याची वेळ संपवायला तोड्याची वात पेटवून टांगत. वात विझण्याच्या क्षणाचा भाव तो बंद भाव. तरीही गर्दी हटली नाही तर नेमलेले लोक पाणी शिंपडून व्यापाऱ्यांना पांगवत. हे समजल्यावर रिकामा काठ रिकामा वाटत नाही.

दुसरी गोष्ट मेइजी काळातली आणि कमी लोकांना ठाऊक असलेली. नव्या सरकारने १८६९ मध्ये बाजार जुगार म्हणून बंद केला आणि दोनच वर्षांत पुन्हा उघडला, कारण वायद्याशिवाय हजर तांदळालाही धड भाव मिळेना. पण खरा घाव १८७३ च्या जमीनमहसूल सुधारणेने घातला. तोवर शेतकरी सारा तांदळात भरत आणि संस्थानचे कारकून प्रत्येक पोते तपासून घेत. सारा रोखीत झाला आणि ती तपासणी गेली. ओला, मिसळ केलेला, सैल बांधलेला तांदूळ ओसाकात येऊ लागला. प्रत डळमळली की वायदा डळमळतो: सौदा एका दर्जाचा आणि पोच दुसऱ्याच दर्जाची. म्हणून पुढच्या दशकांत एकेका प्रांताने स्वतःची तांदूळ-तपासणी सुरू केली. बाजारासाठी नेमकी हीच पायाभरणी होती. १८९३ च्या एक्स्चेंज कायद्याचा उल्लेख सगळे करतात, या पोत्यांचा कोणी करत नाही.

शनिवारी बिंगोमाची भागातले कापूस-व्यापाऱ्यांचे भवन बघा, जपानी नाव मेंग्यो काइकान. मिदोसुजी मार्गाच्या होन्माची स्थानकापासून पाचेक मिनिटांवर आहे. तोयो स्पिनिंग या सूतगिरणी कंपनीचे संचालक ओका त्सुनेओ यांच्या वारसांनी दिलेले १० लाख येन आणि व्यवसायातून जमलेले आणखी ५ लाख यांतून ते १९३१ मध्ये उभे राहिले, आराखडा वातानाबे सेत्सु यांचा. बैठकीच्या दालनात भिंतभर रंगीत फरशांची नक्षी आहे. तिच्यासमोर पाच मिनिटे थांबा आणि फरशा एकेक बघा, रंग आणि पोत सगळीकडे सारखा नाही. जपानने मांचुरिया व्यापल्याची चौकशी करणारे राष्ट्रसंघाचे लिटन मंडळही १९३२ मध्ये या भवनात येऊन गेले.

मराठी माणसाने इथे जास्त वेळ द्यावा, कारण या भवनामागच्या पैशात आपल्या कापसाचा वाटा आहे. १८८३ मध्ये १०,५०० चात्यांनी सुरू झालेल्या ओसाका स्पिनिंगनंतर गिरण्या भराभर वाढल्या आणि देशी व चिनी कापूस पुरेना. १८८९ मध्ये जपानी पथक मुंबईला कापूस बघायला गेले. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांशी हात मिळवून निप्पॉन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीने मुंबई-कोबे जहाजमार्ग उघडला. पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीच्या गटाने भाडे इतके पाडले की टाटांना माघार घ्यावी लागली, पण जपानी मार्ग टिकला, कारण गिरण्यांच्या संघाने आपला माल त्याच जहाजांना देण्याचे ठरवले होते. वऱ्हाडच्या कापसाला व्यापारात ‘उमरा’ म्हणत, ते उमरावतीवरून, म्हणजे आजच्या अमरावतीवरून. आखूड धाग्याचा हा स्वस्त कापूस अमेरिकन कापसात मिसळून २० नंबरच्या आसपासचे जाडसर सूत काढणे ही जपानी गिरण्यांची खरी हातोटी होती. मिश्रणाचे प्रमाण भाव बघून बदलायचे. त्यामुळे ओसाकाच्या कापूस, सूत आणि कापड या तीन जिनसांच्या एक्स्चेंजवरचा सुताचा वायदा आणि मुंबईचा कापूसभाव एकमेकांना बांधलेले होते.

हे नाते किती घट्ट होते ते १९३३ मध्ये दिसले. हिंदुस्थान सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवताच जपानी गिरण्यांनी आपला कापूस घेणे थांबवले. जानेवारी १९३४ च्या तडजोडीत कापडाचा कोटा कापसाच्या गाठींना बांधला: जपानने १५ लाख गाठी घेतल्या तर त्याला ४० कोटी यार्ड कापड विकता येईल. वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याचा भाव त्या वर्षी या आकडेमोडीत अडकला होता.

रविवारी लवकर उठून सुमाला जा. सान्नोमियाहून हानशिन-सान्यो मार्गाची गाडी घ्या, पण चढण्याआधी ती सुमाउरा-कोएनला थांबते का ते फलकावर तपासा. स्थानकाला लागूनच रोपवे आहे. त्यापुढे ‘कारलेटर’ नावाची पट्ट्यावरून सरकणारी छोटी पाळणागाडी मिळते. ती इतके हादरे देते की कंबर किंवा मान दुखत असेल त्यांनी पायवाटच धरावी. खालून माथ्यापर्यंत पाऊण तासाच्या आत पोचता येते. बूट खरबरीत तळाचे हवेत, पाऊस पडून गेल्यावर पायऱ्या निसरड्या होतात.

माथ्याचे नाव हाताफुरियामा, म्हणजे झेंडे हलवायचा डोंगर, उंची २५० मीटरच्या थोडी वर. दोजिमाचा भाव डोंगरामागून डोंगर झेंड्यांनी पश्चिमेला जाई, त्यातला हा एक टप्पा. दोन टप्प्यांत दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहून जास्त अंतर, पुढच्या माणसाच्या डोळ्याला दुर्बीण. झेंडा एका बाजूला हलवला की दशक, दुसऱ्या बाजूला हलवला की एकक. चोरून बघणाऱ्याला आकडा कळू नये म्हणून ठरलेली संख्या मिळवून पाठवत. ढगाळ दिवशी झेंडा मोठा, साधारण मीटर बाय दीड मीटर. रंग मागची पार्श्वभूमी बघून पांढरा किंवा काळा. कोबेला भाव सात मिनिटांत पोचे, हिरोशिमाला ४० मिनिटांच्या आत. तारयंत्र आल्यावरही हे काम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चालू राहिले, कारण तार महाग होती आणि रांगेत अडकायची. धुके मात्र याचा कर्दनकाळ होते. वर पोचल्यावर पूर्वेला ओसाकाचा किनारा दिसतो का ते बघा. दिसला नाही तर त्या दिवशी बातमी कुठे अडकली असती ते आपोआप समजते. हिवाळ्याची कोरडी सकाळ सर्वांत चांगली.

दुपारी कोबे. सान्नोमियाहून समुद्राकडे वीसेक मिनिटे चालत किइतो गाठा. नावाचा अर्थच कच्चे रेशीम. ही शहराची जुनी रेशीम-तपासणी कचेरी, १९२७ ची आणि शेजारचा विस्तार १९३२ चा. २०१२ पासून इथे कलाकेंद्र आहे. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर कोबेने रेशमाच्या निर्यातीत पाय रोवला, त्याची ही खूण. आत जुनी तपासणी यंत्रे ठेवली आहेत. १९२० च्या दशकात अमेरिकन पायमोज्यांच्या गिरण्यांना एकसारखा धागा हवा होता, म्हणून काळ्या फळीवर रेशीम शेजारी-शेजारी गुंडाळून अंधाऱ्या खोलीत ठरावीक उजेडात बघत. जाड-बारीक जागा पट्ट्यांसारख्या उठून दिसत. वजनाचीही फसवणूक टाळायची होती: रेशीम ओलावा पितो, म्हणून नमुना भट्टीत पूर्ण सुकवून त्यावर ११ टक्के ओलावा धरून व्यापारी वजन काढत.

संध्याकाळी साकाएमाची रस्त्याच्या पश्चिम टोकाला सुझुकी शोतेनच्या जुन्या मुख्य कचेरीची स्मारकखूण बघून घ्या. साखर, कापूर, पोलाद, तांदूळ सगळ्यांत उलाढाल करणारी ही पेढी. जानेवारी १९१८ मध्ये कोकूला १५ येनच्या आसपास असलेला तांदूळ जुलैत ३० च्या वर गेला. तोयामा किनाऱ्यावरच्या उओझूच्या बायकांनी जुलैत जहाजावर चढणारा तांदूळ अडवला आणि दंगे देशभर पसरले. परदेशी तांदूळ आणण्याचे सरकारी काम सुझुकीकडे होते. साठेबाजीची आवई उठली आणि १२ ऑगस्टला कचेरी जाळली गेली. त्या दंग्यांनी पंतप्रधान तेराउची यांचे मंत्रिमंडळ पडले. त्यानंतर सरकारने कोरिया आणि तैवानमध्ये जपानसाठी तांदूळ वाढवण्याच्या योजना लावल्या, १९२१ मध्ये तांदूळ कायदा करून स्वतः खरेदी-विक्रीत उतरले. बाजाराची दोरी सुटत गेली ती इथून. १९३९ मध्ये दोजिमाचा वायदा बंद झाला आणि १९४२ च्या अन्न-नियंत्रण कायद्याने उरलेसुरले संपवले. शाकाहारी मंडळींना जेवणाची सोय कोबेत बरी आहे, भारतीय व्यापारी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ओसाकात मात्र साध्या भाजीच्या सारातही माशाचा अर्क असतो, विचारूनच घ्या.

मंगळवारी योकोहामा. सोमवारच्या प्रवासात शिन-ओसाकाहून नोझोमी या वेगवान शिंकान्सेन गाडीने शिन-योकोहामा सव्वादोन तासांच्या आसपास. रेशीम संग्रहालय निहोन-ओदोरी स्थानकाजवळ, जुन्या जार्डिन मॅथेसन पेढीच्या जागेवर आहे. जाण्याआधी एवढे लक्षात ठेवा: सुरुवातीला परदेशी व्यापारी रेशीम आपल्याच गोदामात नेऊन आपल्याच काट्यावर तपासत, पैसे नंतर देत आणि तोवर न्यूयॉर्कचा भाव पडला तर मालात खोट काढून परत करत. १८८१ मध्ये जपानी विक्रेत्यांनी माल आधी आपल्या एकत्रित गोदामात ठेवून तिथेच तपासायचा हट्ट धरला. परदेशी पेढ्यांनी खरेदी बंद केली, प्रकरण काही आठवडे चिघळले आणि तडजोडीत मिटले. सरकारी तपासणी कचेरी १८९६ मध्ये आली. भूकंपानंतर १९२६ मध्ये बांधलेल्या तिच्या लाल विटांच्या इमारतीचे रूप बाशामिची स्थानकाजवळच्या सरकारी संकुलात राखले आहे, संग्रहालयापासून चालत जाता येते.

वेळ उरला तर साकुरागिचोहून ८ क्रमांकाच्या शहर बसने सांकेइएन बागेत जा. ही रेशीम-व्यापारी हारा तोमितारो यांची, १९०६ मध्ये लोकांसाठी खुली झालेली. १९२० च्या सुरुवातीला १०० किनाला ४,००० येनच्या वर गेलेले रेशीम काही महिन्यांत कोसळले, मोगी ही रेशीम-पेढी आणि तिच्याशी बांधलेली चौऱ्याहत्तरावी बँक बुडाली, तेव्हा बाजार सावरायला पुढे आले ते हेच हारा. माल उचलून गोदामात रोखून धरणारी कंपनी त्यांनी उभी केली. बागेत शिरताना त्या गोदामाचा विचार मनात असू द्या. बाग बघायला किमान दीड तास हवा आणि प्रवेश संध्याकाळी लवकर थांबतो, म्हणून संग्रहालय सकाळीच उरका.