अप्पांची तबकडी

जानेवारी २०२५. सात वाजले होते, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि अप्पा वरून ओरडले, "गॅस बंद कर आणि गच्चीवर ये आधी!"

अप्पा म्हणजे माझे वडील. वय ८१, निवृत्त पोस्टमास्तर. आमच्या आनंदनगरच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो. गडाच्या वर, जरा उजवीकडे एक पांढरा दिवा लखलखत होता. "टॉवरचा लाल दिवा नव्हे हो, तेवढं कळतं मला. हे हलतंय. तीन दिवस बघतोय. लोहगावला हवाई दलाला कळवायला हवं." पत्राचा कच्चा मसुदा खिशात तयार होता.

तो शुक्र होता. पण पोस्टमास्तरांना तोंडावर असं सांगायची सोय नसते. मग मी अमेरिकन हवाई दलाची युक्ती वापरली.

उडत्या तबकड्या दिसल्याच्या खबरा तपासणारं त्यांचं 'प्रोजेक्ट ब्लू बुक' १९५२ ते १९६९ चाललं. कचेरी ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर. एकूण १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत 'अनोळखी'. बघणाऱ्याला ते एक लांबलचक प्रश्नावली भरायला देत. त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो: हात लांब करून धरलेल्या कशाएवढी ती वस्तू दिसली? टाचणीचं डोकं, वाटाणा, नाणं, थेट बास्केटबॉलपर्यंत पर्याय.

"केवढं दिसतंय, अप्पा?"

"ताटाएवढं."

"हात लांब करा. आता?"

बराच वेळ गेला. "टाचणी," ते नाराजीने म्हणाले.

हलण्याचं काय? अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावली की तो सरकल्यासारखा वाटतो. डोळ्यांचा खेळ. गच्चीच्या पाण्याच्या टाकीची कड धरून बघायला सांगितलं, तर दिवा हळूहळू पश्चिमेला उतरत गेला आणि साडेनऊच्या सुमारास दिसेनासा झाला, ताऱ्यांसारखाच. लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनीही असे गोळे पाहून वर कळवलं होतं. खगोलशास्त्रज्ञांनी ते शुक्र आणि गुरू असल्याचं सांगितलं. हे ऐकून अप्पांना जरा बरं वाटलं. सैन्यही फसतं म्हणजे!

मग मी त्यांना सोकोरोची गोष्ट सांगितली, आणि तिथेच चूक केली. २४ एप्रिल १९६४, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधलं सोकोरो. लॉनी झमोरा नावाचा पोलीस सुसाट गाडीचा पाठलाग करत होता. आवाज आला, ज्वाळा दिसली म्हणून वळला, तर ओढ्यात अंड्यासारखी पांढरी वस्तू, शेजारी पांढऱ्या कपड्यांतल्या दोन आकृत्या. वस्तू उडून गेली. मागे जळकी झुडपं आणि जमिनीत खड्डे. त्याच संध्याकाळी व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र चाचणी तळाचा एक लष्करी कॅप्टन येऊन मोजमापं घेऊन गेला. पुढे हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ हायनेकही आले. ब्लू बुकचे प्रमुख मेजर क्विंटानिला स्वतः संशयी, पण त्यांनीही लिहून ठेवलं की माणूस विश्वासू आहे आणि उलगडा काही होत नाही.

अप्पा सरळ बसले. "म्हणजे पोलिसाला कुणी येडा म्हणालं नाही?"

"सरकारी कागदावर तरी नाही."

"मग माझंही लिही." मी वहीत लिहिलं: वेळ, दिशा, टाचणी. 'निष्कर्ष' पुढे 'शुक्र' लिहायला लागले, तर त्यांनी पेन धरलं. म्हणाले, परवा एक वेगळाच दिवा खडकवासल्याकडे गेला होता, न लुकलुकता, विमानाचा आवाजही नाही. उपग्रह असेल, मी म्हणाले.

"असेल. पण तू पाहिलास का? तो रकाना रिकामा ठेव."

ठेवलाय.