पहिली नाइट आणि सिलिंडरचा हिशोब

आमच्याकडे नाइट रात्री 8 ते सकाळी 8. नर्सिंगच्या मुलींना पहिल्यांदा नाइट लागली की पिशवीत शाल, खाऊ, चार्जर असं सगळं असतं, फक्त सेकंदकाट्याचं घड्याळ नसतं. "मोबाइलवर बघून नाडी मोजली तर चालेल का, सिस्टर?" चालेल की. पण एक हात पेशंटच्या मनगटावर, दुसऱ्या हातात टॉर्च, मग मोबाइल धरणार कशात? सलाईनचे थेंब मोजतानाही तेच. घड्याळ आणि छोटा टॉर्च हवाच, म्हणजे सगळ्या वॉर्डाचे दिवे न लावता सलाईन, कॅथेटरची पिशवी, श्वास बघता येतो. खिशात एक छोटी डायरी, दोन पेनं आणि मायक्रोपोरची गुंडाळी. बूट बंद, रबरी तळाचे आणि किंचित सैल, कारण पहाटेपर्यंत पाय सुजतात.

दुपारी खोलीत अंधार करून तीन-चार तास झोप काढायची. संध्याकाळी साधं भाजी-भाकरीचं जेवण आणि रात्री एकच्या सुमारास अर्धा डबा. वडापाव खाऊन आलेली मुलगी दोन वाजता छातीत जळजळतंय म्हणून बसते, हे ठरलेलं.

त्या रात्री फीमेल मेडिकल वॉर्डला दुसऱ्या वर्षाच्या दोघी माझ्याबरोबर होत्या. सेंट्रल ऑक्सिजनच्या लाइनचं काम निघालं होतं, त्यामुळे वॉर्डात सिलिंडर. ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्यूटीकडून पेशंट ताब्यात घेताना मुली केस पेपर वाचत पुढे सरकतात. मी त्यांना प्रत्येक कॉटपाशी थांबवते. नाव विचारा, सलाईनच्या बाटलीवरचं नाव जुळवा, व्हेनफ्लॉनची (शिरेत बसवलेल्या सुईनळीची) जागा सुजली आहे का ते बोट लावून बघा, युरीनची पिशवी मोजून रिकामी करा. आठ वाजता ती अर्धी भरलेली राहिली तर सकाळचा आउटपुट, म्हणजे रात्रभराच्या लघवीचा आकडा, खोटा निघतो.

9 नंबरला न्यूमोनियाच्या आजी होत्या. नाकात ऑक्सिजनच्या नळ्या, म्हणजे प्राँग्ज, ऑक्सिजन मिनिटाला 2 लिटर, सिलिंडर बी टाइप. भरलेला असताना त्याचा दाबाचा काटा साधारण 150 किलो दाखवतो आणि त्यात 1500 लिटर मावतात, म्हणजे काट्यावरच्या आकड्याची दहापट. आठ वाजता काटा 100 वर होता. म्हणजे 1000 लिटर. 20 किलोच्या खाली जाऊ द्यायचं नाही, म्हणून त्यातले 200 सोडायचे. राहिलेल्या 800 ला 2 ने भागलं की 400 मिनिटं, म्हणजे 6 तास 40 मिनिटं. एकीने डायरीत लिहिलं: "2.40, सिलिंडर बदल." हिशोब अगदी बरोबर होता.

बाराला आजींचं सॅच्युरेशन (बोटाला चिमटा लावून मोजलेलं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 86 वर आलं. आधी बोट बदलून पाहिलं, कारण गार पडलेलं बोट किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा फसवतो. दुसऱ्या बोटावरही 86. डॉक्टरांनी येऊन मास्क लावायला सांगितला, 5 लिटरवर. साधा मास्क 5 च्या खाली ठेवत नाहीत, नाहीतर सोडलेलाच श्वास आत फिरत राहतो. सॅच्युरेशन 93 झालं, मुलींचा जीव भांड्यात पडला, केस पेपरवर नोंदही झाली. डायरीत मात्र 2.40 तसंच.

"तुझं 2.40 अजून 2.40च आहे का गं?" एवढंच विचारलं. तिने काटा बघितला: 52. म्हणजे 520 लिटर, त्यातले 200 बाजूला, उरले 320. भागिले 5, जेमतेम 64 मिनिटं. सिलिंडर एकलाच बदलायला हवा होता. 2.40 ची वाट पाहिली असती, तर बाजूला ठेवलेले 200 धरूनही पावणेदोनलाच तो पूर्ण रिकामा झाला असता आणि आजी जवळजवळ तासभर नुसता मास्क लावून पडल्या असत्या. डायरीतली वेळ जुन्या ऑर्डरची होती. ऑर्डर बदलली की तिच्यावर टेकलेला प्रत्येक आकडा परत मांडायचा. सलाईनचा स्पीड बदलला तरी हेच.

बदलायचं काम पाच मिनिटांचं, पण अडतं ते सामानावर. स्टोअर रात्री बंद, सिलिंडरची चावी शेजारच्या वॉर्डात, वॉशर गायब. म्हणून भरलेला सिलिंडर, चावी आणि वॉशर ओव्हर झाल्याझाल्याच कॉटजवळ आणून ठेवायचे, सिलिंडर साखळीने बांधायचा. जोडण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून धूळ उडवायची. उभं राहायचं बाजूला, तोंडासमोर नाही. रेग्युलेटर घट्ट बसवून व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. सूं असा आवाज आला तर गळती आहे. हाताला क्रीम किंवा तेल असेल तर आधी साबणाने धुवायचं, तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की पेट घेऊ शकतात. शेवटी ऑक्सिजन ज्या पाण्यातून जातो त्या बाटलीत बुडबुडे येतात का ते बघायचं. काटा भरलेला आणि बुडबुडे नाहीत, तर ऑक्सिजन वाटेतच कुठेतरी जातोय. आमच्या मावशींनी आठलाच सिलिंडर ढकलत आणून ठेवला होता, त्यामुळे एकला धावपळ झाली नाही.

पहाटे चारचा राउंड मी एकट्या मुलींवर सोडत नाही. संध्याकाळचं इन्सुलिन घेऊन जेवण टाकलेली पेशंट याच वेळेला घामाने ओली होते, बरळते, आणि झोपेत बोलतेय असं वाटतं. रात्री "जेवलात का?" विचारून भागत नाही, ताट बघायचं. शंका आली की लगेच एचजीटी, म्हणजे बोटातल्या थेंबावर रक्तातली साखर तपासायची. स्पिरिट पूर्ण वाळल्यावर, बोटाच्या कडेला टोचून. 70 च्या खाली असेल तर डॉक्टरांना कळवायचं. पेशंट शुद्धीत असून नीट गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून देऊन 15 मिनिटांनी परत एचजीटी करायची. शुद्धीत नसेल तर तोंडात थेंबही नाही. 25 टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी) काढून तयार ठेवायचं.

सहानंतर सगळी कामं एकदम अंगावर येतात: टीपीआर (ताप, नाडी, श्वास), ब्लड कलेक्शन, आउटपुटची बेरीज, सकाळची इंजेक्शनं. रिपोर्ट मात्र पाचलाच लिहायला घ्यावा. आणि सकाळी स्कूटी वॉर्डाखालीच राहू द्यावी. बारा तास उभं राहून आलेल्या झोपेला सिग्नल दिसत नाही. दोघींना रिक्षाने पाठवलं.