पूर्ण चोवीस तास

सकाळी नऊ वाजता मोजला तेव्हा जंतू वाढवलेल्या प्लेटवर व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकच्या डिस्कभोवतीचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेली मोकळी जागा, १७ मिलिमीटर भरला. तक्त्याप्रमाणे १७ म्हणजे सेन्सिटिव्ह, या जंतूवर औषध चालतं. आयसीयूतून सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता, रिपोर्टचा फॉर्म समोर होता, फक्त सही करायची होती.

पण झोनची कड मला आवडली नाही. एन्टेरोकोकस या आतड्यातल्या जंतूवर व्हँकोमायसिन नीट चालत असेल तर कड कापल्यासारखी स्वच्छ दिसते. ही किंचित विरघळल्यासारखी वाटत होती. प्लेट लावली होती आदल्या दिवशी दुपारी तीनला, म्हणजे झाले होते १८ तास. इतर बहुतेक जंतूंना तेवढे पुरतात, पण एन्टेरोकोकस आणि व्हँकोमायसिन ही जोडी असेल तर पूर्ण २४ तास थांबायचं आणि प्लेट उजेडासमोर धरून वाचायची, असा नियम आहे. मी प्लेट परत इन्क्युबेटरमध्ये ठेवली.

पेशंट साठीतले गृहस्थ. मानेच्या शिरेत सेंट्रल लाइनची नळी, नऊ दिवस सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक चालू, आणि पुन्हा ताप. दोन दिवसांपूर्वी त्यांची ब्लड कल्चरची बाटली पॉझिटिव्ह आली. ग्रॅम स्टेनमध्ये जोडीजोडीने, आखूड साखळ्यांत जांभळे गोल जंतू दिसले, तेव्हाच मी फोन करून सांगितलं होतं की एन्टेरोकोकस असावा, आणि असला तर सेफ्ट्रियाक्सोनचा उपयोग नाही. ते ज्या गटातलं, त्या सेफॅलोस्पोरिन गटाला हा जंतू जन्मतःच दाद देत नाही. उलट आतड्यातले त्याचे शेजारी त्या औषधाने मरतात आणि याला मोकळं रान मिळतं. मग वॉर्डने व्हँकोमायसिन सुरू केलं होतं.

साडेदहाला तिसरा फोन. "मॅडम, चालतंय ना व्हँकोमायसिन? तेवढं तोंडी सांगा."

"तीन वाजेपर्यंत नाही सांगता येणार, डॉक्टर. पण माझ्यावर सोडाल तर दुसऱ्या औषधाची तयारी ठेवा."

त्या साडेचार तासांत माझं कशात लक्ष लागलं नाही. थांबून मी पेशंटचा वेळ घालवतेय का, हा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. पण या जंतूच्या बाबतीत प्लेटवरचं पहिलं दर्शन खरं मानायचं नाही, हे मी शिकले आहे. को-ट्रायमॉक्साझोलचंच बघा, ते औषध जंतूला लागणारं फोलेट हे जीवनसत्त्व बनू देत नाही. प्लेटवर त्याचा झोन छान दिसू शकतो, पण शरीरात हा जंतू बाहेरचं तयार फोलेट उचलतो आणि औषध फुकट जातं. म्हणून ते नाव आम्ही याच्या रिपोर्टवर घालतच नाही.

हॉस्पिटलमध्ये येण्याआधी मी दोन वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. तिथे हाच एन्टेरोकोकस चीजमध्ये सापडायचा आणि कोणी दचकत नसे, काही चीजच्या पिकण्याला आणि स्वादाला तो हातभारच लावतो. मिठात टिकतो म्हणून तिथे जगतो. आमच्या ओळख-चाचणीतही त्याला ६.५ टक्के मिठाच्या ब्रॉथमध्ये वाढवून बघतात. हाच चिवटपणा कॉटच्या कठड्यावर उतरला की तो कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो.

तीन वाजता प्लेट उजेडासमोर धरली. झोनच्या आत धुक्यासारखा पातळ थर होता आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती, म्हणजे औषधाशेजारीही जंतू वाढत होता. अँपिसिलिनभोवती झोनच नव्हता. लिनेझोलिड या दुसऱ्या अँटिबायोटिकचा मात्र मोठा आणि स्वच्छ. ओळख आली होती एन्टेरोकोकस फीशियम, या जंतूची एक जात. एमआयसीची, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती औषध लागतं ते मोजणारी, स्ट्रिप लावली, तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी येणार होतं, पण फोन मी तेव्हाच केला. त्याच संध्याकाळी लिनेझोलिड सुरू झालं. स्ट्रिपने दुसऱ्या दिवशी रेझिस्टंटच सांगितलं.

"पण यांना आधी कधीच व्हँकोमायसिन दिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. द्यावंच लागतं असं नाही. स्वतःच्या पेशीची भिंत बांधताना हा जंतू तिच्यातल्या रेणूंच्या साखळीच्या टोकाचं एक अलानिन काढून तिथे लॅक्टेट बसवतो, मग औषधाला पकडायला जागाच उरत नाही. ही युक्ती ज्या जीनमध्ये असते ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते, आणि जंतू हातांवरून, कठड्यांवरून पुढच्या पेशंटपर्यंत. युरोपात कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात वाढीसाठी अॅव्होपार्सिन घालत, ते व्हँकोमायसिनचंच भावंड. त्या जनावरांच्या आतड्यांत असे रेझिस्टंट एन्टेरोकोकस सापडू लागले, तेव्हा डेन्मार्कने १९९५ मध्ये आणि युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यावर बंदी घातली. हे वाचलं तेव्हापासून दवाखाना आणि ताट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटत नाही.

आम्ही आजूबाजूच्या कॉटचे स्वॅब घेतले. गृहस्थांच्या कॉटच्या कठड्यावर तोच निघाला. शेजारच्या कॉटवरच्या आजींच्या रेक्टल स्वॅबमध्येही. त्यांना ताप नव्हता, काहीच त्रास नव्हता, जंतू नुसता आतड्यात होता. त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. "आजी विचारतायत, मला काय झालंय म्हणून बाजूला टाकलंत? काय सांगू?"

"काही झालेलं नाही म्हणावं," मी म्हणाले. "आणि त्यांना कुठलंही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी मला फोन करा."