अंधारातला निळा

मंगळवार, रात्री साडेअकरा

साडेनऊची गेलेली लाइट अजून आलेली नाही. मेणबत्तीवर लिहितोय. समोर पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला दगड: तळव्याएवढा काळा कातळ, त्याच्या खोबणीत स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजाच्या पाकळ्या आणि त्यांवर कॅव्हनसाइट या निळ्या खनिजाचे मोहरीएवढे गेंद. दिवसा हा निळा इतका गडद असतो की बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी रंगवलाय. आत्ता मात्र काळपट ठिपके दिसतायत, बस. फुंकर मारून मेणबत्ती विझवली आणि दगड नुसता चाचपत बसलो. कातळाची एक कड डाव्या अंगठ्याला बोचली. मग परत काडी ओढली.

डोक्यात घोळतंय ते एवढंच: सुरुंग लागून खाणीत ही पोकळी फुटली, त्याआधी हा खडा निळा होता का?

आपला कातळ साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक वाढले. सगळं बंद दगडात, मिट्ट काळोखात. बघायला माणूस नाही, मुंगी नाही. खडा होता, यात मला तिळमात्र शंका नाही. त्यात व्हॅनेडियम हा धातू होता, अणूंची रचना हीच होती. पण निळेपणाला उजेड लागतो आणि डोळा लागतो. तिथे दोन्ही नव्हतं. म्हणजे फार तर ‘निळा दिसू शकेल असा’ होता. हे होणं वेगळं आणि निळा असणं वेगळं.

१४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळच्या कापुथला रवींद्रनाथ आईनस्टाईनच्या घरी गेले होते. तिथे वाद झाला तो जवळपास हाच. माणूस नसेल तर सौंदर्य उरणार नाही, हे आईनस्टाईनने मान्य केलं. सत्याच्या बाबतीत मात्र तो हटेना. घरात कुणी नसलं तरी टेबल जागच्या जागी असतंच, असं त्याचं म्हणणं. ते सिद्ध करता येत नाही हेही त्याने कबूल केलं, आणि मग मीच तुमच्याहून अधिक धार्मिक ठरलो, असं म्हणाला. मला तो माणूस त्या एका कबुलीसाठी आवडतो.

दुपारी ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड: ‘विज्ञानाने सिद्ध केले, आपण पाहतो म्हणून जग आहे.’ खाली पंधरा नमस्कार. असल्या दाव्यांना आधार म्हणून २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पुढे करतात. ते आस्पे, क्लाउजर आणि त्सायलिंगर यांना मिळालं ते ‘बेलची असमानता’, म्हणजे जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाने गणिताने आखलेली मर्यादा, मोडून दाखवणाऱ्या प्रयोगांसाठी. कणाचे गुण मोजण्याआधीच ठरलेले असतात आणि दूरच्या घडामोडीचा इथे तत्काळ परिणाम होत नाही, या दोन समजुती एकत्र धरून ठेवणं त्या प्रयोगांनी फार अवघड केलं. हे कमी चक्रावणारं नाहीच. पण त्यातून ‘मन हवं’ कुठे निघतं? मोजणारं यंत्र बंद खोलीतही मोजतं. घोळ घातलाय तो भौतिकशास्त्रात मोजणाऱ्यासाठी वापरतात त्या ‘निरीक्षक’ या शब्दाने. तो ऐकला की डोळ्यांसमोर चष्मा लावलेला माणूस येतो.

गंमत म्हणजे असले फॉरवर्ड पाठवणारे शंकराचार्यांचं नाव हमखास घेतात. आणि ब्रह्मसूत्रभाष्यात बाहेर वस्तूच नाहीत, आहे ती फक्त जाणीव, असं म्हणणाऱ्या बौद्ध विज्ञानवाद्यांना आचार्यांनी चांगलंच फैलावर घेतलंय: जेवून तृप्त होत असलेल्या माणसाने ‘मी जेवत नाही’ म्हणावं, तसं तुमचं बोलणं! जगाला अखेर मिथ्या म्हणणारा माणूस खांब मात्र खांबच मानतो. (व्यवहारात, असं अद्वैतवाले लगेच जोडतील. जोडू देत.)

तरी एक गोष्ट सुटत नाही. निळा काढून घेतला, तसा खरखरीतपणाही तळव्याचाच, गारवाही तळव्याचाच. एकेक काढत गेलो की शेवटी त्या पोकळीत काय उरतं? आकडे? की ज्याला आकडे लागू पडतात ते काहीतरी? ‘काहीतरी’च्या पुढे मला शब्द सापडत नाही.

११:५०. लाइट आली. पंखा गरगरला, पानं फडफडली. वही डाव्या हाताने दाबून धरली होती, तिथे समासात अंगठ्याएवढा डाग आहे. मेणबत्तीत शाईचाच वाटला असता. लालसर तपकिरी, आणि कडेने वाळलेला.